नाव बांधायचं भाडं

…आणि वर त्यांनाच विचारतो, "जीवरामभाऊ, नाव रात्रभर जाग्यावर राहिली की नाही? मग भाडं द्यायला काय हरकत?" घ्या! नाव जाग्यावर राहिली म्हणून भाडं! उद्या म्हणशील, तुमचं घर रात्रभर जाग्यावर राहिलं, काढा पैसे. तुमची म्हैस गोठ्यातून उठून बऱ्हाणपुरास गेली नाही, काढा पैसे! पण तुम्हाला सांगतो, त्या रुपचंदशेठचं तोंड इतकं गोड, इतकं गोड, की माणूस त्याच्या हातावर पैसे ठेवून वर "बरं झालं शेठ, उपकार झाले" असं म्हणून निघायचा आणि गावाची चढण अर्धी चढल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडायचा… अरे, उपकार कसले? नाव आपली, नदी आपली, बांधायचं भाडं मात्र शेठचं!

तर हे जीवराम नाना म्हणजे आमच्या गावचे. गाव तापीकाठी, सावद्याच्या दक्षिणेला. नानांची केळीची बाग अलीकडच्या काठाला, कपाशीचं वावर पलीकडच्या काठाला, आणि उन्हाळ्यात नदी आटली की मधल्या वाळूच्या बेटावर टरबुजाची वाडी. म्हणजे माणूस एक आणि जीव तीन ठिकाणी टांगलेला. नाव लागणारच! आणि नाव कशी, तर स्वतः उभं राहून करून घेतलेली. सागाचं लाकूड आणलं, सुतार घरी ठेवून घेतला, सुताराला सुगंधाबाईंच्या हातच्या कळण्याच्या भाकरी इतक्या आवडल्या की महिन्याचं काम त्यानं पावसाळ्यापर्यंत लांबवलं. पण नाव झाली ती अशी, की नानांनी पाण्यात लोटली त्या दिवशी अख्खं गाव काठावर. नानांचा बाप नाव बांधायचा ती काठावरच्या उंबराच्या मुळीला, आजोबाही त्याच मुळीला. मुळीवर दोराचा खळगा पडला होता, जसा विहिरीच्या काठाला पडतो ना, तसा.

आणि स्वराज्य आलं, चांगलं झालं, आपलं राज्य आलं… आणि मग एक दिवस कुठल्याशा कचेरीनं घाटाचा लिलाव केला. घाटाचा! आम्हाला वाटलं, दगड विकतायत. नाही. घाटाचा ठेका, आणि तो घेतला रुपचंदशेठनं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नाव चालवायची ती ठेकेदारानं, आणि ज्यांच्या स्वतःच्या नावा आहेत त्यांनी सूर्य मावळल्यावर घाटावर नाव बांधली तर रात्रीचे चार आणे. दर रात्रीचे! बाई दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदते, तिच्या रोजातला मोठा हिस्सा नुसत्या नावेच्या झोपण्यावर! पुढं नवे पैसे आले, तर चार आण्यांचे झाले पंचवीस. शेठनं केले तीस. का? तर म्हणे, "नव्या पैशात सुटे मिळत नाहीत हो, जीवरामभाऊ." आणि उंबराच्या मुळीला बांधावी, तर तो उंबरही ठेक्यात आलेला. मुळीसकट!

बरं, फुकट घेत नाही हं, शेठ म्हणाला. सोय देतो. रात्री घाटावर दिवा. नावेत चढा-उतरायला फळी. राखणीला माणूस. आणि बांधायला पक्का खुंट. पाटीच लावली. पाटी सुरेख होती, तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

दिवा? कंदील होता. खांबाला टांगलेला होता. काचही पुसलेली होती! आत घासलेट नव्हतं. नाना विचारायला गेले तर शेठ म्हणतो, "घासलेट संपेल म्हणून लावत नाही. लावला की संपतं." आता या बोलण्यावर तुम्ही काय उत्तर द्याल? फळी? पहिल्याच महिन्यात शेठच्या चुलतभावाच्या गोठ्यात गेली. नाना भाचीच्या लग्नाला निघाले, पांढरं शुभ्र धोतर, डोक्याला नवा रुमाल, नावेत पाय टाकायला गेले ते थेट मांडीपर्यंत गाळात! लग्नात सगळे विचारतात, "नाना, वावरातूनच आले का?" राखणीचा माणूस? तो होता. वना. शिरपुराकडचा, पोट भरायला इकडं आलेला, बोलणं त्याचं अहिराणी, आणि काहीही विचारा, उत्तर एकच, "बठ्ठं बराबर शे, नाना!" म्हणजे सगळं ठीक आहे! एकदा पहाटे नाना आपल्या नावेत चढले, तर आत वना घोंगडी पांघरून झोपलेला. नानांनी हलवला, "काय रे, राखण करतो का झोपतो?" तर डोळे चोळत म्हणतो कसा, "तुमनीच नाव राखी रायनू ना, नाना! मी मधमा शे, मंग कोन चोरी?" आणि खुंट? खुंट बाभळीचा, कुजलेला. वारं सुटलं की नाव खुंटाला धरून ठेवायची, खुंट नावेला नाही.

आणि नाना हे असे, की गप्प बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. रोज संध्याकाळी भांडण. शेठ घाटावर खाटेवर बसलेला, नाना समोर उभे, आणि आम्ही रिकामे लोक कडेनं. "दिवा कुठं हाये शेठ? फळी कुठं हाये? पैसे घेता तं द्या ना सोय!" आणि शेठ सुपारी कातरत, "देतो ना, जीवरामभाऊ. सगळं देतो. आधी आजचं तेवढं द्या." घरी सुगंधाबाई म्हणायच्या, "कायले तोंड दुखवता? दिऊन टाका अन् मोकये व्हा." नाना म्हणायचे, "मी पैशासाठी भांडू राह्यलो का?" आणि खरंच नव्हते भांडत पैशासाठी. आपला बाप जिथं नुसती दोरी टाकायचा, तिथं आपण हात जोडून उभं राहायचं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. नाव आपली, नदी आपली, बांधायचं भाडं मात्र शेठचं!

त्यांना एकच माणूस हसून सांगायचा, झुलाल आबा. वाळूच्या बेटावर नानांच्या वाडीला लागूनच त्यांची वाडी. म्हातारा, एकटा, बायको गेलेली, पोरबाळ नाही. होळी झाली की बेटावर जायचे ते मिरगापर्यंत तिथंच. चार बाभळीच्या मेढींवर माळा बांधलेला, त्यावर राहणं, खालच्या वाळूत चूल. नदीच्या मधोमध माणूस राजासारखा राहायचा. नाना तावातावानं सांगायचे आणि आबा टरबूज फोडत म्हणायचे, "तू चुकलास जीवराम. माह्यासारखं कर. नावच ठेवू नको! कोन मागीन भाडं?" सुगंधाबाईंना ते माहेरच्या माणसासारखे. त्या बेटावर गेल्या की आधी आबांच्या चुलीपाशी भाकर ठेवायच्या, मग आपल्या वेलांकडं बघायच्या.

आता पुढं काय झालं, तर भाडं चुकवायला कुणीतरी पहाटेच्या आधीच नाव सोडून नेऊ लागला. कोण ते आम्हाला माहीत होतं, पण ते असू द्या. शेठनं काय करावं? एक लांबच लांब साखळी आणली. दिवस बुडाला की सगळ्या नावांच्या कड्यांतून ती साखळी ओवायची, दोन्ही टोकं खुंटाला, आणि त्याला हे एवढं कुलूप! सूर्य उगवला की वना उघडणार. किल्ली वनाच्या करदोड्याला. म्हणजे आता भाडंही द्यायचं आणि आपलीच नाव रात्री कैदेतही ठेवायची. नाना म्हणाले, "शेठ, रातच्याले कोनाले काई झालं, नाव लागली, तं?" शेठ म्हणाला, "वना आहे ना!" वना म्हणाला, "बठ्ठं बराबर शे!"

आणि ऐका, खरी गंमत… गंमत कसली म्हणा… वर्षभर नाना चार गोष्टींसाठी भांडत होते, त्यातली एक शेठनं ऐकली. एकच. खुंट! "जीवरामभाऊ, तुमच्या शब्दाखातर," म्हणाला, आणि कुजका खुंट काढून तिथं रेल्वेचा जुना रूळ रोवला. खाली दगड-चुना भरून. हत्ती आणा, हलणार नाही. नाना घरी येऊन सुगंधाबाईंना सांगतात, "पाह्यलं? भांडलं तं होतं!"

मिरग लागायला थोडे दिवस होते. शेवटची टरबुजं वेलावर. रात्री कोल्ही येतात, म्हणून बेटावर रोज नाना झोपायला जायचे आणि शेजारच्या वाडीचा सुपडू. त्या दिवशी नानांनी ठरवलं, दिवा आणि फळी यांचं काय ते वरूनच लावून घेऊ. कचेरीत जाऊन तक्रार करायची. सुपडूला साक्षीला घेतला. बायकांना म्हणाले, "आम्ही सांजच्याले येतोच. तोपर्यंत तुम्ही थांबा वाडीवर." सुगंधाबाई आणि सुपडूची बायको बेबाबाई दुपारीच बेटावर उतरल्या, सुपडूनं त्यांना सोडलं, नाव परत आणून घाटाला लावली आणि दोघं पुरुष कचेरीच्या वाटेला लागले.

कचेरीत काय झालं विचारता? काय होणार! सायेब फिरतीवर. हा म्हणतो तिकडं जा, तो म्हणतो इकडंच बसा. शेवटी एक कारकून म्हणाला, "दिव्याचं काम आमच्याकडं नाही, फळीचं आहे; पण फळीवाले आज रजेवर." दोघं परत निघाले, वाटेत गाडीचं चाक रुतलं, आणि घाटावर पोचले तो दिवस बुडालेला. साखळी ओवलेली. कुलूप लागलेलं. वना घोंगडी खांद्यावर टाकून निघण्याच्या बेतात.

"वना, उघड रे. बाया बेटावर हायेत."

"आते नई, नाना. शेठनी सक्त ताकीद दिन्ही शे. सूर्य उगना म्हंजे येस."

नाना भांडले. पण दिवसभराच्या कचेरीनं अंगातला जोर काढून घेतला होता. ते काठावर गेले, तोंडाभोवती हात धरून त्यांनी हाक मारली. संध्याकाळच्या वेळी पाण्यावरून आवाज किती स्वच्छ येतो तुम्हाला माहीत आहे. पलीकडून सुगंधाबाईंचा आवाज आला, "जेवून घ्या! शिंक्यात भाकर हाये! सकाळी या!" आणि मागून झुलाल आबांचा, "मी हाये ना अठी! झोप जा तू!" बेबाबाई कशालातरी हसली, तेही ऐकू आलं. वर, उगवतीला, बऱ्हाणपुराच्या अंगाला वीज लवत होती. आवाज नव्हता. मिरगाच्या तोंडाला लवतेच वीज. नाना घरी गेले, शिंक्यातली भाकर खाल्ली, झोपले.

तांबडं फुटायच्या सुमाराला त्यांना जाग आली ती कशानं, हे त्यांना पुढं कधी सांगता आलं नाही. आवाज म्हणावा तर आवाज नव्हता. रोज नदीचा एक आवाज असतो ना, तो नव्हता. त्याच्या जागी दुसराच काहीतरी होता, जाड. ते धावत घाटावर आले. पाणी चहासारखं झालेलं. फेस, काटक्या, कुणाच्या तरी वाडीचं कूड, एक मेलेलं कोकरू. आणि पाणी पाटीच्या खांबाला लागलेलं. बेट होतं, पण निम्मं. टरबुजं सुटून वाहत चाललेली, एकामागून एक, जशी कुणी बाजाराला पाठवली असावीत.

"वनाऽऽ!"

वना कुठं? वना शेजारच्या गावी, नात्यातल्या लग्नाला. रात्रीच गेलेला. आणि किल्ली? किल्ली त्याच्या करदोड्याला. दुसरी किल्ली शेठकडं, शेठ सावद्याला! राखणीचा माणूस लग्नात, किल्ली लग्नात, आणि सगळ्या गावच्या नावा साखळीत ओवलेल्या, एकमेकींवर आदळतायत. सुपडू कुऱ्हाड घेऊनच आला. पहिल्यांदा साखळीवर घातली, कुऱ्हाडीच्या धारेला खांडा पडला. मग दोघं रुळाला भिडले. खांदे लावले, पाय रोवले. बाभळीचा तो कुजका खुंट असता तर, तुम्हाला सांगतो, एका धक्क्यात निघाला असता, वारं आलं तरी निघत होता! रूळ हलला नाही. नानांनी वर्षभर भांडून मिळवलेला रूळ.

नाना थांबले. तेवढंच. त्यांनी सुपडूच्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि आपल्याच नावेत चढले. कडी नावेच्या नाकात बसवलेली होती, सुतारानं सागात खोल मारलेली. नानांनी त्या सागावर घाव घातला. पहिला घाव घातला तेव्हा त्यांच्या तोंडून आवाज निघाला, कुऱ्हाड पायावर पडल्यावर निघतो तसा. मग नाही निघाला. घाव घालत राहिले. कडी लाकडाच्या ढलपीसकट निघाली, साखळी खाली पडली, आणि नाव सुटली. नाकाला हाताएवढं भगदाड घेऊन सुटली.

नाना वल्ह्यावर, सुपडू डब्यानं पाणी उपसतोय. जेवढं उपसावं तेवढं आत. प्रवाह खाली ओढतोय, म्हणून नानांनी नाव काठाकाठानं वर ओढत नेली, बागेच्याही वर, आणि मग आडवी सोडली. तापी त्यांना माहीत होती. पण ही तापी त्यांना ओळखत नव्हती.

बेट तोवर गेलं होतं. माळा तेवढा उभा होता, चार मेढींवर, आणि त्यावर तिघं. आबा मधे, दोन्ही बाजूंना दोघी. आबांनी आपलं धोतर फाडून दोघींच्या कमरा मेढींना बांधलेल्या. पाणी माळ्याच्या फळ्यांखाली थपथप वाजत होतं. नाव टेकली. बेबाबाई आधी उतरली, उतरली काय, सुपडूच्या अंगावर पडली. मग सुगंधाबाई. त्यांचा हात मेढीवर होता तो सुटेना. सोडवावा लागला, एकेक बोट. चौघं झाले आणि नावेचं नाक पाण्यात गेलं. पाणी उसळून आत आलं. नानांनी आबांकडं हात केला. आबांनी नावेकडं पाहिलं, नाकाकडं पाहिलं. त्यांना लाकडातलं कळत होतं, पाण्यातलंही.

"जा तुम्ही," आबा म्हणाले. "पह्यले ह्या बायाले न्या. माह्यी पाळी मंग."

"आबा, या ना वो!" सुगंधाबाई म्हणाल्या.

"येतो ना. कुठी जाऊ राह्यलो मी? हा माळा हायेच ना." आणि पायानं नाव ढकलली. ढकललीच त्यांनी.

नाव काठाला लागली ती खाली, पार घाटाच्याही खाली, बाभळीच्या काट्यात. बायका चिखलात उतरल्या आणि त्याच क्षणी नावेचं नाक उघडलं, एखादं पुस्तक उघडावं तसं. नानांनी रुमाल कोंबला, सुपडूनं सदरा काढून कोंबला, दोघांनी परत लोटली. नाव कमरेएवढ्या पाण्यात बसली ती बसली. नाना ओरडत घाटाकडं धावले. घाटावर तोवर सगळं गाव. आणि वना! लग्नातला गुलाल कपाळावर, धावून धावून तोंडाला फेस, हातात किल्ली. त्यानं कुलूप उघडलं, लोक नावांत चढले, चार नावा एकदम सुटल्या. बेटाच्या जागेपर्यंत गेल्या. कुठली ती जागा? माळा नव्हता. एक मेढ तेवढी होती, वाकलेली, पाण्यानं थरथरत.

आबा सापडले दुसऱ्या दिवशी, दोन गावं खाली. अग्नी नानांनीच दिला. नाव तर पुरानं नेलीच होती.

वना नानांच्या दारात येऊन बसला. नेहमीचं ते "बठ्ठं बराबर शे" कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. नाना त्याला काहीच बोलले नाहीत. कुणालाच काही बोलले नाहीत. इतका भांडणारा माणूस, तुम्हाला सांगतो, ओट्यावर बसला की नुसता आपल्या हातांकडं बघायचा. गावाला भांडणाची इतकी सवय, की संध्याकाळी घाटावर लोक जमायचे, उभे राहायचे, आणि काहीच होत नाही म्हणून परत जायचे.

मग तेराव्याला शेठ आला. वाईट वाटलं होतं त्याला, खोटं कशाला सांगू? सरणाला लाकडं त्यानंच दिली होती. नानांच्या ओट्यावर बसला, डोळे पुसले, आबांच्या चार आठवणी सांगितल्या, पाणी प्यायला. उठला. जोडे घातले. आणि परत वळून, त्याच गोड आवाजात, "जीवरामभाऊ, ही वेळ नाही खरं तर… पण हिशेब हिशेबाच्या जागी… त्या रात्रीचं तेवढं राहिलं. आणि कुऱ्हाडीनं साखळीची एक कडी चेपलीय, तिचं तुम्ही म्हणाल ते."

आम्ही सगळे नानांच्या तोंडाकडं बघतोय. आता फुटेल, आता फुटेल. नाना उठले. आत गेले. कोनाड्यातून पैसे काढले आणि शेठच्या हातावर ठेवले. नाव गेली, आबा गेले, आणि बांधायचं भाडं… ते मात्र शेठचं.

तेव्हा दाराच्या आडून सुगंधाबाई बाहेर आल्या. ही बाई कधी परक्या पुरुषासमोर बोललेली नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळू आवाजात विचारलं,

"शेठ, त्या रातच्याले नाव जाग्यावर राह्यली व्हती ना?"

शेठ गडबडला. "हो… म्हणजे, राहिलीच होती."

"म्हनूनच भाडं ना?"

"तसंच ठरलंय, वहिनी."

"ती जाग्यावर राह्यली," सुगंधाबाई म्हणाल्या, "म्हनूनच आबा गेले."

आणि आत निघून गेल्या. चुलीवर काहीतरी होतं, ते बघायला. शेठ हातातल्या पैशांकडं बघत उभा. मग वाकून त्यानं ते ओट्यावर ठेवले, एकावर एक रचून ठेवले, आणि गेला. त्या दिवशी पहिल्यांदा तो कुणाशी गोड न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी साखळी निघाली. कुलूप निघालं. कंदिलात घासलेट पडलं, खरंच पडलं. आणि पाटीवरचा आकडा पुसून शेठनं रात्रीचं भाडं निम्मं केलं. गाव म्हणालं, बघा, एका बाईच्या एका वाक्यानं केलं!

नाना त्या पावसाळ्यात पलीकडच्या वावराकडं गेलेच नाहीत. सुगंधाबाई रात्री पाऊस लागला की उठून बसायच्या, दाराबाहेर हात काढून बघायच्या, परत आडव्या व्हायच्या. थंडीत एक दिवस त्याच म्हणाल्या, "सुताराले बोलवा. वावर पडिक कितीक दिवस ठेवायचं?" सुतार आला, भाकरी खाऊ लागला, नाव झाली. पहिलीइतकी देखणी नाही. पण नाव झाली. नानांनी पाण्यात लोटली तेव्हा गाव जमलं नाही, दोघंच होते. पुढच्या पावसाळ्यात वावर पेरलं, हंगामाला कपाशी वेचून आणली, ऐन दुपारी घाटाला लागले, नानांनी दोर टाकला, आणि समोर बघतात तो पाटी नव्यानं रंगवलेली. ताजा रंग, वास येत होता. नानांनी वाचली. एकदा वाचली, परत वाचली.

सुगंधाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय लिव्हलं?"

"रातचं निम्मं केलं ना त्यानं," नाना म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या आवाजात ती जुनी धार आली होती! "म्हनून आता दिवसाचंबी लावलं!"

सुगंधाबाईंनी पाटीकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं, कपाशीचं गाठोडं डोक्यावर घेतलं.

"मंग नाव डोक्यावर घ्या अन् चाला घरी," त्या म्हणाल्या. "पन हळू बोला वो. शेठनं आयकलं तं डोक्यावरचाबी दर लावीन."